आळ बॅटरीवर

डिझेल इंजिनाचा एक मोठा गुण चार्जिंगच्या बाबतीत आपल्याला गाफील ठेवतो. सेल्फ फिरून इंजिनाने एकदा धरलं की जुन्या ट्रॅक्टरला विजेची गरज उरत नाही. पंप यांत्रिक, नोझल यांत्रिक, इंजिन बंद करायची ओढणीसुद्धा यांत्रिक. पेट्रोलच्या जुन्या गाडीचा डायनामो, म्हणजे पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र, बंद पडला तर बॅटरी संपते, ठिणगी मरते आणि गाडी रस्त्यातच थांबते. ट्रॅक्टर मात्र दिवसभर नांगरट करतो, संध्याकाळी ट्रॉली ओढतो, आणि काही बिघडलंय हे कळतं दोन-चार दिवसांनी, सेल्फने नुसता ‘कट्’ आवाज करून मान टाकल्यावर. तेव्हा डोळ्यांसमोर असते ती बॅटरी. ती उतरलेली असतेच, म्हणून आळ तिच्यावर येतो. नवी बॅटरी भरलेली येते, म्हणून काही दिवस बरे जातात. मग तीही उतरते, आणि दुकानदाराशी वॉरंटीवरून वाद सुरू होतो. या सगळ्यात खरा बिघाड, मग तो सैल पट्टा असो, डायनामोतला झिजलेला कार्बन असो की रंगावर बसलेली अर्थिंगची लग (वायरीच्या टोकाची धातूची टिकली), जागच्या जागी असतो.

हे लिखाण मुख्यतः डायनामो आणि कटआउटवाल्या (कटआउट म्हणजे डायनामो बॅटरीला आपोआप जोडणारा आणि तोडणारा स्विच) जुन्या पंचवीस ते पस्तीस हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरांविषयी आहे. १९६३ साली महिंद्र आणि अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची भागीदारी झाली आणि तिच्यातून पुढे मुंबईत ट्रॅक्टर बनू लागले. त्यातला बी-२७५ मूळचा ब्रिटिश घडणीचा. मॅसी फर्ग्युसनचा ३५ही तिकडचाच. त्यामुळे या पिढीच्या ट्रॅक्टरांवरची विजेची व्यवस्था ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीची, आणि १९६१ साली चेन्नईजवळ पाडी इथे ल्युकास-टीव्हीएस उभी राहिल्यावर तिचे सुटे भाग इथेच मिळू लागले. हे ट्रॅक्टर अजून गावोगाव चालतात, आणि त्यांचा डायनामो दुरुस्त होणारी वस्तू आहे. तो भंगारात घालण्याआधी मोजून बघावा, एवढा मान त्याला द्यायलाच हवा.

आधी थोडा हिशोब, कारण सेल्फ मारल्याने बॅटरी संपते हा समज फार पक्का आहे. सेल्फ ३०० अँपिअर खेचतो असं धरलं आणि पाच सेकंद मारला, तर बॅटरीतून गेले जेमतेम ०.४ अँपिअर-तास. दहा अँपिअरने चार्जिंग होत असेल तर तीन-चार मिनिटांत ते भरून निघतात. खरा भार दिव्यांचा. ४५ वॅटचे दोन हेडलाइट, मागचा ३५ वॅटचा नांगरटीचा दिवा आणि टेललाइट धरले की साधारण १३५ वॅट, म्हणजे ११ अँपिअर. ल्युकासच्या सी-४० जातीच्या डायनामोची कमाल क्षमता २२ अँपिअर. म्हणजे दिवे लावल्यावर बॅटरीसाठी निम्मेच उरतात, तेही इंजिन चांगल्या वेगात असेल तर. ऊसवाहतुकीच्या हंगामात त्यावर एलईडीच्या पट्ट्या आणि ट्रॅक्टरवरचा टेप-अँप्लिफायर चढतो. मोठा अँप्लिफायर एकटाच डायनामोची सगळी कमाई खाऊ शकतो. अशा ट्रॅक्टरची बॅटरी रात्रीच्या खेपांनंतर उतरत असेल तर कटआउटच्या स्क्रूला हात लावण्याआधी भाराची बेरीज करावी.

आता मोजणी. लागतो एक साधा मल्टिमीटर, अ‍ॅसिडची घनता मोजणारा एक हायड्रोमीटर आणि दोन वायरींना जोडलेला बारा व्होल्टचा बल्ब. बॅटरी ट्रॅक्टरवरून काढून बाहेर चार्ज करावी. ७५ अँपिअर-तासाची असेल तर सात-आठ अँपिअरने दहा-बारा तास. मग रात्रभर नुसती ठेवून सकाळी मोजावी. १२.६ व्होल्ट किंवा थोडं वर असेल तर भरलेली, १२.२ ला निम्मी, ११.९ च्या खाली रिकामी. पण व्होल्टेजवर थांबू नये. सहाही सेलमधलं अ‍ॅसिड हायड्रोमीटरने तपासावं. भरलेल्या सेलमध्ये १.२४० ते १.२६० दिसतं. पाच सेल १.२५० आणि एकच १.१५० वर अडकलेला असेल तर बॅटरी खरोखरच गेली, आळ खरा. सहाही सेल सारखे असतील तर ती निर्दोष आहे आणि शोध पुढे न्यायचा. शेवटची परीक्षा सेल्फ मारताना: बॅटरीच्या खुंटांवर मीटर धरून व्होल्टेज बघावं. साडेनऊच्या खाली पडू नये.

बॅटरी चांगली पण दोन रात्रीत उतरते, तर कुठेतरी गळती आहे. चावी बंद करून निगेटिव्ह केबल काढावी आणि खुंट व केबल यांच्यामध्ये तो बल्ब धरावा. जुन्या ट्रॅक्टरला ना घड्याळ ना कॉम्प्युटर, बल्ब अजिबात पेटता कामा नये. पेटला तर एकेक वायर सोडत जायचं. कुठली सोडल्यावर विझतो ते बघायचं. उंदरांनी कुरतडलेली वायर डॅशबोर्डच्या मागे नेहमी सापडते, पण सगळ्यांत घातक गळती कटआउटची असते. त्याचे पॉइंट जळून चिकटले की इंजिन बंद झाल्यावरही बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जात राहतो. अँपिअर मीटरचा काटा डिस्चार्जच्या टोकाला टेकतो आणि डायनामो उभ्या जागी तापतो. असं दिसलं की पहिल्यांदा बॅटरीची केबल उतरवायची, कारण शोधायला नंतर वेळ आहे.

अँपिअर मीटर चालू असेल तर तो फार काही सांगतो, पण तो वाचता यायला हवा. सकाळी इंजिन चालू केल्यावर काटा दहा-बारावर जातो आणि पंधरा-वीस मिनिटांत दोन-तीनवर येतो. पुष्कळ जण यालाच चार्जिंग कमी झालं म्हणतात. खरं तर बॅटरी भरत आली, म्हणून कटआउटच्याच डब्यात बसलेल्या, व्होल्टेज आवरणाऱ्या नियंत्रकाने हात आखडता घेतला. काळजी करायची ती तासन् तास पंधरावर राहणाऱ्या काट्याची. तेव्हा एक तर बॅटरीतला सेल बसलाय, नाही तर नियंत्रक सुटलाय, आणि बॅटरीचं पाणी दर आठवड्याला कमी होत असेल तर त्याचं कारण हेच. मंद वेगात डायनामोने चार्ज न करणं हा बिघाड नव्हे. त्याला चार्जिंग सुरू करायला स्वतःचे मिनिटाला साधारण १४५० फेरे लागतात, इंजिन ६०० वर घुमत असताना ते मिळत नाहीत. लाल दिवा तेव्हा मिणमिणला तर मिणमिणू द्यावा.

त्या लाल दिव्याची वागणूक नीट पाहिली तर अर्धं निदान चावी न सोडता होतं. दिवा डायनामो आणि बॅटरी यांच्यामध्ये जोडलेला असतो, दोन्हींचा दाब (व्होल्टेज) सारखा झाला की विझतो. वेग वाढवूनही तो तितकाच पेटता राहिला तर डायनामो काही निर्माण करत नाही किंवा त्याची वायर तुटली आहे. पण वेग वाढवताना तो आधी मंद झाला, विझला, आणि आणखी वेग दिल्यावर पुन्हा उजळू लागला, तर डायनामो उत्तम आहे! त्याचा दाब बॅटरीच्या वर गेलाय आणि मधला कटआउट मिटत नाहीये. अशा वेळी डायनामो उतरवून वाइंडरकडे, म्हणजे वेढे भरणाऱ्याकडे, नेणं म्हणजे फुकटची मेहनत.

पट्ट्याकडे आधी बघायचं असतं, पण बघतात ते फक्त ताण. दोन पुलींच्या मधल्या लांब बाजूवर अंगठ्याने दाबल्यावर दहा ते पंधरा मिलिमीटर दबला की ताण बरोबर. त्याहून महत्त्वाची पुलीची खाच. व्ही-पट्टा पकड घेतो तो बाजूंनी. खाचेचा तळ आरशासारखा चमकत असेल तर पट्टा तळाला टेकतोय, म्हणजे पुलीच झिजली आहे. तिथे नवा पट्टाही घसरणार. मग लोक ताण वाढवत नेतात आणि डायनामोच्या मागच्या टोकाचं बुश मरतं. पुढे बेअरिंग, मागे सच्छिद्र काशाचं बुश, अशी या डायनामोची रचना. त्या बुशाला मागच्या छिद्रातून अधूनमधून इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब हवेत. जास्त घातलं तर ते कम्युटेटरवर, म्हणजे कार्बन ज्यांवर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांवर, उडतं, अजिबात नाही घातलं तर बुश खाऊन जातं आणि आर्मेचर (आतला फिरणारा भाग) आतल्या ध्रुवांना घासू लागतं. कोकणात चिखलणीनंतर ट्रॅक्टर प्रेशर पंपाने धुतात तेव्हा फवारा याच मागच्या टोकावर बसतो. तिथे पाणी मारू नये, धुण्याआधी प्लास्टिकची पिशवी बांधावी.

अर्थिंग हा विषय मला सगळ्यांत कळकळीने मांडावासा वाटतो, कारण तो फुकटात सुटतो आणि तरी राहून जातो. बॅटरीचा एक खुंट चासीला जातो, आणि चासीवर असतो रंग, त्यावर माती, त्यावर ग्रीस. मोजायची रीत सोपी. इंजिन दीडएक हजारावर ठेवायचं, दिवे लावायचे, मीटरची एक तार बॅटरीच्या अर्थिंगच्या खुंटावर (केबलच्या टोपीवर नव्हे, शिशाच्या खुंटावर) आणि दुसरी डायनामोच्या अंगावर धरायची. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाटेत अडथळा आहे. तसंच दुसऱ्या बाजूने, डायनामोच्या मोठ्या टर्मिनलपासून बॅटरीच्या जिवंत, म्हणजे अर्थिंगच्या नसलेल्या, खुंटापर्यंत. तिथे कटआउट, अँपिअर मीटर आणि पाच-सहा जोड लागतात, म्हणून थोडं जास्त चालेल, पण एक व्होल्ट म्हणजे वायर किंवा जोड सडलेला. जागा सापडली की लग काढावी, खालचा रंग धातू चमकेपर्यंत खरवडावा, दातेरी वॉशर घालून आवळावी आणि वरून व्हॅसलीन लावावं. आधी लावू नये. कटआउटच्या डब्याचं स्वतःचं अर्थिंग वेगळं तपासावं. ‘ई’ खुणेची ती बारीक वायर तुटली तर आतल्या कॉइलना रस्ताच राहत नाही. कटआउट मिटत नाही, दाबावर लगाम उरत नाही आणि डायनामोची फील्ड (चुंबकत्व देणारी आतली स्थिर कॉइल) तापत जाते. एका बारीक वायरीने डायनामो जाळण्यापर्यंत गोष्ट जाते.

एवढं सगळं बरोबर निघालं की मग डायनामोची परीक्षा, आणि तीही ट्रॅक्टरवरच. त्याला दोन टर्मिनल असतात, मोठं ‘डी’ आणि लहान ‘एफ’. दोन्हींवरच्या वायरी काढून खुणा करून ठेवाव्यात. रंगांवर विश्वास नको, या ट्रॅक्टरांचं वायरिंग कितीदा बदललेलं असतं कोण जाणे. डी आणि एफ एकमेकांना तांब्याच्या उघड्या तारेने जोडावेत, मीटरची एक तार त्या जोडावर, दुसरी डायनामोच्या अंगावर. इंजिन चालू करून वेग हळूहळू वाढवावा. काटा किंवा आकडा न अडखळता चढत पंधराच्या पुढे गेला पाहिजे. वीसच्या वर नेऊ नये, तिथे लगेच वेग सोडावा, कारण आता मधे नियंत्रक नाही. काहीच दाखवलं नाही तर बहुधा कार्बन कम्युटेटरला टेकत नाहीत. एखादा व्होल्ट दाखवून तिथेच थांबला तर तो लोखंडात उरलेल्या चुंबकत्वाचा दाब, फील्डमधून करंट जात नाहीये. निम्म्यावर, म्हणजे चार-सहा व्होल्टवर रेंगाळला तर आर्मेचरच्या वेढ्यात दोष. फील्डची खात्री ओहममध्ये होते: एफ आणि अंग यांच्यामध्ये साधारण सहा ओहम. स्वस्त मीटरच्या तारांचाच अर्धा ओहम असतो, तो वजा करावा. दोनच ओहम दिसले तर फील्ड आत कुठेतरी अंगाला लागली आहे, अनंत दिसलं तर तुटली आहे.

आणखी एक जुनी, सुंदर परीक्षा आहे. पट्टा काढायचा, डी-एफ जोडलेले ठेवायचे आणि बॅटरीची जिवंत तार त्यांना लावायची. चांगला डायनामो मोटरसारखा शांतपणे फिरू लागतो. झटके देत फिरला किंवा हाताने ढकलल्यावरच फिरला तर आर्मेचर आणि कार्बन बघायचे.

डायनामो उघडणं अवघड नाही. मागून दोन लांब बोल्ट काढले की मागची टोपी कार्बनसकट हातात येते. कार्बन सात मिलिमीटरपेक्षा आखूड झाला असेल तर बदलावा, आणि तो खाचेत सहज सरकतो का तेही बघावं. दुसऱ्याच डायनामोचा कार्बन कानसून बसवलेला पुष्कळदा दिसतो. तो चालतो, पण कठीण जातीचा असेल तर कम्युटेटर खातो. आर्मेचर वाचणं ही खरी शिकण्याची गोष्ट. तांब्याच्या पट्ट्या एकसारख्या तपकिरी झाल्या असतील तर तब्येत उत्तम. शेजारच्या दोनच पट्ट्या जळून काळ्या पडल्या असतील तर त्यांना जोडलेला वेढा तुटलाय. टोपीच्या आतल्या बाजूला कथलाचे शिंतोडे गोलाकार बसलेले दिसले तर डायनामोवर क्षमतेबाहेरचा भार होता आणि जोड वितळून उडाले. तिथे आर्मेचर बदलून भागणार नाही, भार कमी करावा लागेल. काळपट कम्युटेटर पेट्रोलने भिजवलेल्या फडक्याने पुसावा, तरी चट्टे राहिले तर बारीक काचपेपर. एमरी पेपर नको, त्याचे कण तांब्यात रुततात आणि वीज वाहून नेतात. खोल खड्डे पडले असतील तर लेथवर हलकासा टर्निंगचा हात, आणि त्यानंतर पट्ट्यांमधला अभ्रक अर्धा ते पाऊण मिलिमीटर खाली घ्यायलाच हवा. हॅकसॉचं पातं कडेने घासून बारीक केलं की हे काम होतं. टर्निंग करून अभ्रक तसाच सोडलेला डायनामो महिन्याभरात कार्बन उडवायला लागतो, आणि दोष कार्बनला मिळतो.

डायनामो ठीक निघाला तर वायरी परत जोडून हीच परीक्षा कटआउटच्या डब्याजवळ करावी: तिथल्या डी आणि एफच्या वायरी काढून त्यांची टोकं जोडायची आणि मोजायचं. तोच दाब आला तर वायरी निर्दोष, दोष डब्यात. डब्यात दोन कॉइल असतात. एक कटआउटची, दुसरी दाब आवरणारी. इंजिन दीडएक हजारावर असताना कटआउटची पाती बोटाने अलगद दाबली आणि अँपिअर मीटर लगेच चार्जकडे गेला, तर दोष त्या कॉइलमध्ये, तिच्या अर्थिंगमध्ये किंवा तिच्या सेटिंगमध्ये. इंजिन बंद असताना असं दाबू नये. पाती १२.७ ते १३.३ व्होल्टच्या दरम्यान मिटायला हवी. पॉइंट साफ करताना दोन्हींना एकच पेपर चालत नाही: कटआउटच्या मऊ चांदीच्या पॉइंटना बारीक काचपेपर, नियंत्रकाच्या कठीण पॉइंटना बारीक कार्बोरंडमचा दगड, आणि नंतर स्पिरिटने पुसून घ्यायचं. नियंत्रकाचं सेटिंग बघताना कटआउटच्या पॉइंटमध्ये कागदाचा तुकडा घालावा म्हणजे बॅटरी सुटते. मग डी आणि ई यांच्यामध्ये मोजत वेग वाढवावा. आकडा १६ व्होल्टच्या आसपास जाऊन स्थिर राहायला हवा, उन्हाळ्यात थोडा खाली. बॅटरी जोडल्यावर तो १४ च्या आसपास येतो. हे ठाऊक नसल्याने सोळा बघून घाबरून स्क्रू ढिला केला जातो आणि बॅटरी कायमची अर्धपोटी राहते. स्क्रू फिरवायचाच असेल तर पाव फेऱ्यापेक्षाही कमी, आणि सगळं अर्ध्या मिनिटात आटपायचं, कारण कॉइल तापली की आकडा खोटा येतो.

डायनामो उघडला, बरेच महिने पडून राहिला किंवा नवा बसवला, तर चालू करण्याआधी त्याला ध्रुव द्यावे लागतात. एफची वायर डायनामोवरून काढायची आणि बॅटरीच्या जिवंत खुंटावरून आणलेली तार त्या एफ टर्मिनलला दोन-तीनदा क्षणभर टेकवायची. बारीक ठिणगी पडते, तेवढं पुरे. बॅटरी उलटी जोडून काढली असेल तरीही हे करावं लागतं. काही जुन्या ब्रिटिश ट्रॅक्टरांवर पॉझिटिव्ह बॉडीला असतो, तेव्हा नवी बॅटरी बसवताना आधी जुन्या केबलींची दिशा बघावी.

डायनामो काढून अल्टरनेटर बसवणाऱ्यांविरुद्ध माझी तक्रार नाही. मंद वेगातही चार्जिंग मिळतं, आणि दिवे जास्त असतील तर तोच मार्ग शहाणपणाचा. पण २२ अँपिअरसाठी घातलेल्या जुन्या वायरीतून आणि तीस अँपिअरच्या मीटरमधून ४५ अँपिअर पाठवू नयेत. मोठ्या टर्मिनलपासून बॅटरीपर्यंत नवी जाड केबल हवीच. जुना कटआउट मधून पूर्ण काढायचा. निगेटिव्ह बॉडीला नसेल तर अल्टरनेटरच्या आतले एसीचा डीसी करणारे डायोड पहिल्याच क्षणी जातात. लाल दिव्याचा बल्बही सांभाळावा, त्यातूनच अल्टरनेटरला पहिलं चुंबकत्व मिळतं. चावी लावल्यावर तो पेटत नसेल तर त्याची वायर अल्टरनेटरवरून काढून बॉडीला टेकवावी: पेटला तर दोष अल्टरनेटरच्या आत, नाही पेटला तर बल्ब किंवा वायर. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून ‘चार्जिंग आहे का’ बघण्याची जुनी सवय डायनामोबरोबरच सोडावी. अल्टरनेटरला ती मारक आहे.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत फिरणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरांपैकी काहींवर तिसराच प्रकार असतो, कायमच्या चुंबकाचा डायनामो. त्यात कार्बनच नाहीत. दोन वायरींतून एसी करंट येतो आणि वेगळा रेग्युलेटर त्याचा डीसी करतो. त्या दोन वायरी सोडून मीटर एसीवर ठेवायचा. वेगाबरोबर आकडा चढत वीसच्या पुढे गेला तर डायनामो चांगला, आणि शोध रेग्युलेटरच्या अर्थिंगकडे वळवायचा. क्षमता बेताची असते. फवारणी यंत्रावर दिवे वाढवताना हे लक्षात ठेवावं.

दुरुस्ती कुठलीही असो, ट्रॅक्टर सोडण्याआधी सगळे दिवे लावून इंजिन दीड हजारावर दहा मिनिटं चालू ठेवावं. बॅटरीच्या खुंटांवर साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये आकडा हवा. मग इंजिन बंद करून लगेच प्रत्येक जोडाला, प्रत्येक लगेला आणि अँपिअर मीटरच्या मागच्या नटांना बोट लावून बघावं. जो जोड बाकीच्यांपेक्षा गरम लागेल तो सोडून, खरवडून, पुन्हा आवळायचा.